बाबूराव पेंटर: कुंचल्याने सिनेमा घडवला की अडवला?

(एका चर्चेतल्या नोंदी; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

बाबूराव मेस्त्रींचं आडनाव लोकांनी पुसून टाकलं आणि त्या जागी 'पेंटर' लिहिलं. जन्म १८९०, कोल्हापूर. बंधू आनंदरावांबरोबर नाटक मंडळींचे पडदे रंगवले, केशवराव भोसल्यांच्या मंडळीसाठीसुद्धा. दोघांनी सिनेमाचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी ते काम सोडलं नाही. कोल्हापुरातच कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते याच चित्रपटानंतर.

माझं म्हणणं काहींना रुचणार नाही, तरी मांडतो. ज्या चित्रकाराच्या नजरेने त्यांना मूकपटात वर नेलं, तिनेच बोलपटात त्यांचे पाय बांधले. आवाज आला की इतक्या वर्षांत घडवलेली दृश्यभाषा नासेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर १९२९ साली बाहेर पडले, 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली आणि बोलपटात मुसंडी मारली. बाबूरावांच्या नावावर पुढे 'उषा', 'प्रतिभा' असे मोजकेच चित्रपट. दिग्दर्शक व्हायचं तर पहिल्या कलेचा हात कधीतरी सोडावा लागतो. त्यांनी तो सोडला नाही.

रेघोट्या

साफ नामंजूर.

सिनेमात रंगवलेले पडदे मागे टाकून बांधीव सेट कोणी आणले? ज्याने हयातभर पडदे रंगवले त्यानेच! कापडावरची खोली कुठे फसवते हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? चित्रीकरणाआधी तो पात्रांचे पोशाख, हालचाली कागदावर काढायचा. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाश वापरून रात्र उभी केली. सावली म्हणजे काय हे ज्याने रंगांत शिकलंय, त्यालाच दिव्यांनी ती पाडता येते.

आणि तुमच्या म्हणण्याला खरा छेद देतात ते फत्तेलाल. तेही चित्रकारच. ते 'प्रभात'मध्ये गेले आणि दामल्यांबरोबर १९३६ साली 'संत तुकाराम' केला. त्यांच्या हातातला कुंचला नाही कुठे आडवा आला.

तिसरी घंटा

फत्तेलालांचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. 'प्रभात'मध्ये आवाजाची बाजू दामल्यांनी पेलली. एकाने डोळा सांभाळला, एकाने कान. बाबूरावांकडे असा दुसरा माणूस उरला नव्हता, आणि त्यांना तो हवा होता असंही दिसत नाही.

करवीरकर

दोघांचंही वाचून वाईट वाटलं. तुम्ही भांडताय ते चित्रकलेचा सिनेमाला उपयोग किती झाला, यावर. जणू चित्र काढणं म्हणजे सिनेमाकडे जायची पायरी! त्या माणसाच्या घरात सुतारकाम, धातूकाम, चित्रकाम असं सगळं हाताचं काम होतं. तो कुठल्या कलाशाळेत गेला नाही, बघून बघून तैलरंग शिकला. सिनेमाचं दुकान मंदावल्यावरही तो चित्रं काढत होता, पुतळे घडवत होता. ह्याला आपण 'मागे पडला' म्हणायचं? एखादा चित्रकार पंधरा-वीस वर्षं सिनेमा करून पुन्हा आपल्या मातीकडे वळला, असं का नाही म्हणायचं?

कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी थांबलात तर आठवण ठेवा, कॅमेरा घडवणारे ते हात आधी पडदे रंगवणारे होते.

बाकी कंपनी फुटली त्याचं खापर कुंचल्यावर फोडू नका. एवढी शिकलेली, उमेदीची माणसं एका माणसाच्या हाताखाली किती वर्षं राहतील? कधीतरी ती आपलं घर करणारच.

कॅमेरामागे

मी छायाचित्रणात आहे, म्हणून एक अडचण मांडते. त्यांचे बहुतेक मूकपट आज हाती नाहीत. 'सैरंध्री' आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. तरी 'चित्रकाराची नजर' म्हणून आपण एक ठरीव, देखणी, स्थिर चौकट डोळ्यांपुढे आणतो आणि तिच्यावर निकाल देतो. ही चौकट बाबूरावांची नाही, ती आपल्या कल्पनेतली आहे.

'सैरंध्री'तला कीचकवध आठवा. तो प्रेक्षकांना बघवला नाही म्हणतात, पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. नुसतं सुंदर चित्र कापायला कोण जातं? तिथे गती असणार, धक्का असणार. म्हणजे हा माणूस भिंतीवर चित्र टांगावं तसा सिनेमा करत नव्हता.

तिसरी घंटा

हे मान्य. 'स्थिर चौकट' हा शब्द मी वापरला नव्हता, पण मनात तेच होतं. तेवढं मागे घेतो. करवीरकरांचंही पटतं, 'पाय बांधले' हे मी सिनेमाच्या बाजूने बोललो. पण बोलपटाबद्दलचा मुद्दा सोडत नाही. दृश्य आवाजाने नासेल असं मानणारा माणूस बोलपटात रमणार कसा?

रेघोट्या

मग 'सावकारी पाश'चं काय करता? १९२५चा मूकपट, शांतारामांनी केलेला शेतकरी: सावकार जमीन गिळतो, तो शहरात जाऊन गिरणीत राबतो. देवादिकांच्या गोष्टींना गर्दी लोटत असतानाच्या काळात हा विषय. पाहिलेल्यांच्या आठवणीत राहिलं ते एक दृश्य, अंधुक झोपडी आणि रडणारं कुत्रं. तीच गोष्ट बाबूरावांनी १९३६ साली पुन्हा केली, बोलपट म्हणून. आवाजाचं इतकं वावडं होतं तर आपलंच सर्वांत अस्सल काम त्यांनी आवाजाच्या हवाली का केलं असतं?

तिसरी घंटा

पोटासाठीही केलं असेल. त्या वर्षांत मूकपट कोण विकत घेणार होतं?

कॅमेरामागे

असेल. पण त्या झोपडीपाशी थोडं थांबा. मूकपटात कुत्रं रडतं म्हणजे काय? वर केलेली मान, उघडा जबडा आणि भोवती जवळजवळ काळोख. एवढ्यावर त्यांनी लोकांना ते ऐकवलं. आवाज नको असलेला माणूस मुक्या पडद्यावर कुत्रं कशाला रडवेल? मला तर वाटतं त्यांना आवाज कधीपासून ऐकू येत होता, फक्त तो डोळ्यांच्या वाटेने पोचवायचा होता. १९३६ साली ते कुत्रं खरंच ओरडलं असेल, तेव्हा बाबूरावांनी झोपडीतला तो काळोख तसाच ठेवला की उजेड वाढवला, एवढंच मला बघायचं होतं.