दर्भपूरची स्थापना: भद्रकेतूची आख्यायिका ठेवावी की वगळावी?

मूळ मांडणी (पंचवटी, नाशिक)

आपण काही नाशिककर मिळून 'मेघावर्त' या काल्पनिक राष्ट्राचा इतिहास रचत आहोत. त्यातील राजधानीच्या प्रकरणात आद्य राजा भद्रकेतू ओसाड माळावर भाला रोवतो, तेथून नदी उसळते आणि एका रात्रीत तटबंदीसह दर्भपूर उभे राहते. या प्रकरणाला माझा ठाम आक्षेप आहे. राजधानी वसते ती नदीचा उतार, घाटवाट आणि बाजारपेठ यांच्या बळावर. टायबर नदी ओलांडण्याजोगी जागा आणि मिठाची वाट यांमुळे रोमला महत्त्व आले. रोम्युलसची कथा आणि इ.स.पू. ७५३ हे साल पुढच्या पिढ्यांनी पक्के केले. आपल्या पैठणचा माल नाणेघाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जात असे. दर्भपूरच्या नकाशात मात्र एकही घाट नाही आणि एवढ्या वस्तीला धान्य कोठून येते, याचाही पत्ता नाही. भद्रकेतूला वगळून हे प्रकरण नव्याने लिहावे.

प्रतिसाद १ (गंगापूर रोड)

मी पूर्णपणे असहमत आहे. शालिवाहनाने मातीचे हत्ती, घोडे आणि सैनिक घडवले व ते जिवंत होऊन लढले, ही पैठणची कथा कोणी इतिहास म्हणून वाचत नाही, तरीही पाडव्याला आपण नवे वर्ष त्याच्याच नावाने मोजतो. जकातीच्या हिशेबातून राज्याचा कारभार कळेल. पण तटावरचा शिपाई कोणाची शपथ घेतो, हे त्यातून कळणार नाही. आपण स्वतः पंचवटीत राहून आख्यायिकेला गौण ठरवता, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

प्रतिसाद २ (पाथर्डी फाटा)

कथा ठेवायची की नाही यापेक्षा ती कोणी आणि केव्हा सांगितली, हे प्रकरणात आले पाहिजे, असे मला वाटते. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तो कोरला गेला आणि त्यात तिने आपल्या दिवंगत पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, तुलना राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी केली आहे. म्हणजे राजाला पुराणपुरुषांच्या रांगेत बसवायला शतके लागली नाहीत. त्याच्या आईनेच ते काम केले. त्याच लेखात तो धर्माने कर घेत असे, हेही आवर्जून सांगितले आहे, म्हणून कर आणि कीर्ती यांची फारकत करण्याचे कारण नाही. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने हरवलेल्या नहपान या क्षत्रप राजाच्या मुद्रेवरच त्याचा स्वतःचा छाप मारलेला आहे. कित्येकांवर नव्या छापाखाली जुन्या राजाचा चेहरा अजूनही ओळखू येतो. दर्भपूरलाही असा एखादा पराभूत पूर्वराजा द्यावा आणि भाल्याची कथा भद्रकेतूच्या आईच्या लेखातून यावी.

मूळ लेखकाचे उत्तर

आईच्या लेखाची कल्पना मला मान्य आहे, कारण तिच्यामुळे कथा ही घटना न राहता दावा ठरते. मात्र प्रकरणाची सुरुवात घाट आणि बाजारपेठेनेच झाली पाहिजे, आणि 'एका रात्रीत' हे शब्द केवळ त्या लेखात असावेत, निवेदनात नकोत.

प्रतिसाद १ (पुन्हा)

निवेदनातून ते शब्द काढण्यास माझी हरकत नाही. पण सुरुवात भाल्यानेच व्हावी, हा माझा आग्रह कायम आहे. दर्भपूरचा रहिवासी आपल्या नगराची गोष्ट बाजारभावापासून सांगणार नाही.