लेक दिवसभर नागाला ‘बा बा बा’ करतेय, हे कन्नड गाणं कुणाचं?

बेंगळुरूवाली_आई: आम्ही पुण्याहून इकडे शिफ्ट झालोय, लेक युकेजीत. शाळेतून ‘नागर हावे, हावोळु हूवे’ शिकून आलीये आणि पंजाचा फणा करून घरभर डोलते, आता आजेसासूबाईंनाही डसून झालं. ते कुत्र्याच्या पिल्लाचं ‘नायिमरी नायिमरी’ गाणं आहे ना, त्याच कवीचं आहे का हे? अर्थ सांगा कुणीतरी, मला कन्नड भाजी घेण्यापुरतंच येतं.

धारवाड_पेढा: नाही हो, नायिमरी जी. पी. राजरत्नम् यांचं. हे पंजे मंगेशराव यांचं, ‘कविशिष्य’ नावाने लिहायचे. अर्थ साधारण असा की नागा, सापांतल्या फुला, तुझं बीळ कुठेय, हात जोडतो, दूध देतो, ये ये ये. ‘बा’ म्हणजे ये. आपण नागपंचमीला नागोबाला दूध-लाह्या ठेवतो ना, तसंच, फक्त इथे पोरगं त्याला पाहुण्यासारखं घरीच बोलावतंय. ते सात-आठ वेळा ‘बा’ येतं ना, तिथेच पोरं खूश होतात, बाकी अर्थ कळो न कळो.

बेंगळुरूवाली_आई: मंगेशराव? नाव तर आपल्याकडचं वाटतंय!

मंगळुरी_बांगडा: सगळे हेच विचारतात 😄 मराठी नव्हेत, आमच्या कोंकणी सारस्वतांतले. जन्म १८७४, बंटवाळ. घरात कोंकणी, बाहेर तुळू, आणि लिहिलं कन्नडमध्ये! शाळाखात्यात होते, आधी मास्तर मग इन्स्पेक्टर, म्हणजे पोरं कुठे कंटाळतात ते रोज समोर दिसणार, मला वाटतं म्हणूनच त्यांच्या गाण्यांत उपदेशापेक्षा ठेका जास्त. मंगळुरात बालसाहित्य मंडळ काढलं, कोडगूत (कूर्गमध्ये) असताना तिथल्या सुगीच्या सणावर ‘हुत्तरि हाडु’ लिहिलं, ते कोडगूवाले अजून अभिमानाने म्हणतात. आणि नुसती बालगीतंच नाहीत हां, कन्नडमधल्या अगदी सुरुवातीच्या लघुकथाही त्यांच्याच. १९३४ ला रायचूरच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, १९३७ मध्ये गेले.

धारवाड_पेढा: +१. आणि ताई, पुढे ‘एले नागण्णा’ येतं बघा, म्हणजे ‘अरे नागदादा’. त्याच्या पुढच्या कडव्यात नागाची दुपदरी जीभ येते, ते आलं की तिला विचारा, नागाला जिभा किती.

बेंगळुरूवाली_आई: विचारलं. दोन म्हणाली आणि स्वतःची काढून दाखवली.