चवथीचं सामान: मार्टमधून काय घ्यायचं आणि काय बाहेरून

सी-२०१ (नवीन बिऱ्हाड): नमस्कार सगळ्यांना. आम्ही जूनमध्ये कोल्हापूरहून इथं गोव्यात फोंड्याला, या सोसायटीत आलो. चवथीला (गणेशचतुर्थीला) सासूबाई आणि दीर-जाऊ येणार आहेत, पहिल्यांदाच माझ्यावर सगळं सामान भरायची वेळ आली आहे. त्या सवलतीच्या मार्टमध्ये काल गेले तर पाकिटांच्या भिंतीच्या भिंती बघून नुसतीच परत आले. तुम्ही तिथून नेमानं काय घेता? नावानिशी सांगा प्लीज.

बी-३०४ दादा: डाळी. डोळे झाकून घ्या.

ए-३०१ वहिनी: भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल. बाजारात एवढं स्वस्त कुठंच मिळत नाही. मी तीन महिन्यांचं एकदम आणते.

बी-२०२ काकी: दादा, डाळ तिथली चांगलीच आहे, पण डोळे उघडे ठेवूनच घ्यावी हो. मी तिथून तूर, मूग, मसूर तिन्ही घेते, कारण तिथं माल पडून राहत नाही. आज लावलेलं खोकं परवा रिकामं झालेलं असतं. सी-२०१, तू असं कर. पाकीट उभं धरून हलव आणि तळाशी बघ. तळाला पिवळा भुगा बसलेला असेल तर ते ठेवून दे, दुसरं उचल. फार चकचकीत, हाताला निसटती लागणारी तूरडाळ घेऊ नकोस, ती पॉलिशची. जरा निस्तेज, मातकट पिवळी दिसते ती घे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत मेणासारखी होते आणि वरणाला वास येतो.

आणि हिरवे मूग तिथलेच घे. मुगागाठीला मोड नीट आले नाहीत तर चवथीच्या ताटाची शोभा जाते. गेल्या महिन्यात मी अर्धा किलो भिजवले होते. रात्री पाण्यात, सकाळी उपसून ओल्या पंच्यात बांधले, वर पाट ठेवला. दुसऱ्या सकाळी गाठोडं सोडलं तर बोटाच्या पेराएवढे मोड, आणि साली आपसूक सुटत होत्या. सगळे चाळून बघितले, त्यात गणंग जेमतेम दहा-बारा निघाले. दुकानातल्या सुट्या मुगात मला मूठभर निघायचे आणि दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

सी-२०१: मुगागाठी म्हणजे मुगाची उसळच ना काकी?

ए-१०१ आजी: नाही गं बाय. सालं काढलेल्या मोडाच्या मुगाचं नारळाच्या वाटणातलं कालवण. तुला करायला शिकवते, चवथीच्या आदल्या दिवशी ये. पांढरे वाटाणे पण तिथलेच आण, पाव-भाजीसाठी. सोडा न घालता शिजतात. पण अळसांदे तिथं शोधू नको. तिथली चवळी बारीक असते. आपले अळसांदे टपोरे, शिजल्यावर पिठूळ लागतात, ते बाजारातल्या बायांकडूनच घ्यायचे.

बी-३०४ दादा: तेल? यंदा तळण भरपूर आहे. तिथं पिशव्यांवर मोठी सूट लागली आहे.

सी-१०३ मास्तर: तेलाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण यात माणसं फसतात आणि त्यांना कळतही नाही. एक लिटर सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी लिटरची पिशवी म्हणजे तेवढंच तेल असायचं. आता कितीतरी पिशव्या दिसायला तशाच आहेत, पण कोपऱ्यात वजन बघा, ८५० ग्रॅम असतं. आपण मनात लिटर धरतो आणि घरी ६० ग्रॅम कमी आणतो. पाच पिशव्यांत ३०० ग्रॅम झाले. एवढ्यात एक घाणा निघतो. म्हणून पिशवीवर लिहिलेलं वजन वाचायचं, आणि दोन ब्रँडची तुलना त्या वजनावर करायची.

दुसरं. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडतं तो आकडा छापलेला असतो. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा दर, वरचं असेल तर किलोचा. फक्त तो एमआरपीवरून काढलेला असतो, सवलतीच्या भावाचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. मी मोबाइलवरच करतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं असं आपण धरून चालतो, ते दर वेळी खरं नसतं. मागे चहा पावडरीची पाव किलोची दोन पाकिटं अर्ध्या किलोच्या एका पाकिटापेक्षा स्वस्त पडली. मी तिथं उभा राहून तीनदा हिशेब केला.

ए-३०१ वहिनी: मास्तर, हे माहीतच नव्हतं. आजच घरातली पिशवी बघितली. ८५० 😳

बी-३०४ दादा: माझ्याकडची ९१० आहे. पण दोन्ही एकाच शेल्फवर होत्या.

सी-२०१: रवा आणि मैदा किती आणू? नेवऱ्या (करंज्या), लाडू दोन्ही करायचं आहे.

ए-३०१ वहिनी: रव्याबद्दल मी सांगते, कारण गेल्या वर्षी मला वाईट अनुभव आला. एका दुकानात पाच किलो रव्यावर एक किलो फुकट होता. मी घेतला, स्टीलच्या डब्यात भरला आणि निश्चिंत झाले. लाडवांसाठी दहा दिवसांनी डबा उघडला तर रव्याच्या गुठळ्या जाळीनं एकमेकींना चिकटलेल्या. चाळणीत घेतला तर बारीक पांढऱ्या अळ्या. सहा किलो रवा टाकून द्यावा लागला, आणि त्या दिवशी रडू आलं मला, कारण पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते अन्न फेकल्याचं. तारीख बघितली असती तर कळलं असतं, पाकीट बांधून बरेच महिने झाले होते.

ए-१०१ आजी: पावसाळ्यात आपल्याकडे हवा ओली. रवा आणला की त्याच दिवशी कढईत कोरडा भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त हाताला गरम लागेपर्यंत. थंड झाला की डब्यात, आणि जागा असेल तर फ्रिजात. तांदळात, कडधान्यात सुक्या लाल मिरच्या आणि चार लवंगा टाकायच्या. तुरीला माझी सासू थोडं एरंडेल चोळायची. अख्ख्या वर्षाची तूर राहायची.

बी-२०२ काकी: आजी, एरंडेलाचं मी पण करते. वहिनी, तुझ्या रव्यासारखंच माझ्या बेसनाचं झालं होतं एकदा. म्हणून आता मागच्या रांगेतलं पाकीट काढते. दुकानदार जुना माल पुढं सरकवतात, नवा मागं असतो, हे सगळीकडेच चालतं. हात लांब करायला लाजायचं नाही.

सी-२०१: काजू? तिथं फार स्वस्त दिसले.

बी-३०४ दादा: मी पण तेच विचारणार होतो.

बी-२०२ काकी: काजूवर मला जरा जास्तच लिहावंसं वाटतं, माफ करा. माझे वडील सत्तरी तालुक्यातले. आमच्या डोंगरावर काजूची झाडं होती, मार्च-एप्रिलमध्ये बोंडं गोळा करून आमचे हात काळे पडायचे. त्यामुळे बी कशी दिसते ते मला पाठ आहे.

मार्टमधले काजू वाईट नाहीत. पण भारतात सोलायला येणाऱ्या कच्च्या बियांपैकी बऱ्याच आफ्रिकेतून आयात झालेल्या असतात. त्या इथं फोडून, सोलून पाकिटात जातात. पाकिटावर डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याचा. ३२० म्हणजे बारीक, २४० म्हणजे मोठे. आकडा जेवढा कमी तेवढा दाणा मोठा आणि भाव जास्त. लाडवात, खिरीत वरून लावायला अख्खे काजू हवेत तर ३२० पुष्कळ. आणि नेवऱ्यांच्या चुनात (सारणात), वाटणात घालायचे तर तुकडा घे. चव तीच, भाव कमी. तुकडा मी मार्टमधूनच घेते.

पण पाहुण्यांना वाटीत ठेवायला, सासूबाईंबरोबर बांधून द्यायला आपला काजू घे. भट्टीत भाजलेला, सालीसकट. सालीचा काजू हातात घे आणि वरची तांबूस साल अंगठ्यानं चोळ, ती कागदासारखी सुटून येते आणि आत गर पिवळसर पांढरा, थोडा भाजल्याचा डाग असलेला दिसतो. वास लोण्यासारखा. हा दुसऱ्या गावच्या काजूला येत नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, पण रस्त्यावर 'गोवा काजू' म्हणून काहीही विकतात, म्हणून ओळखीच्या ठिकाणाहूनच घे.

सी-१०३ मास्तर: काकी, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. बागायतदार बाजारात मिळतील का असे?

बी-२०२ काकी: हो. आणि बागायतदार ही आपली सहकारी संस्था, शेतकऱ्यांची सुपारी, काजू, मिरी तीच घेते, त्यामुळे तिथं पैसे दिले की इथल्या माणसाच्या घरात जातात असं मला वाटतं. भाव मार्टपेक्षा कधी थोडा चढा असतो. काजू, नारळ, मिरी यांच्यासाठी मी तो देते.

बी-३०४ दादा: मग मार्ट एवढं स्वस्त देतं कसं?

सी-१०३ मास्तर: हे मॉडेल देशभर रूढ केलं ते डीमार्टनं. त्यांचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झालं. गोष्ट साधी आहे: मोजकेच ब्रँड, प्रचंड खरेदी, पुरवठादाराला पैसे लवकर देऊन भाव पाडून घ्यायचा, दुकानाच्या सजावटीवर खर्च करायचा नाही. त्यांच्याआधीही आपल्याकडे स्वस्त दुकानं होतीच. मुंबईचा अपना बाजार १९४८ चा, सहकारी. माझे काका नायगावला राहायचे, ते महिन्याचं वाणसामान तिथूनच भरायचे.

ए-३०१ वहिनी: पाकीटबंद डाळी-तांदळावर कर पण लागतो ना?

सी-१०३ मास्तर: १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. तो एमआरपीतच धरलेला असतो. तरीही मार्टची डाळ बऱ्याचदा सुट्या डाळीहून स्वस्त पडते, म्हणून मी करामुळे अडून बसत नाही.

सी-२०१: तांदळाचं सांगा ना. उकडे म्हणून एक पाकीट आणलं, पेज केली, पण घरमालकीणबाई म्हणाल्या की हे उकडे नव्हेत.

ए-१०१ आजी: बाय, तू इडलीचा उकडा आणलास. पांढरा, आखूड. तो इडलीला उत्तम, मी पण मार्टमधूनच आणते. पेजेला आपले उकडे लागतात. ज्योती जातीचे घे, दाण्यावर तांबडा कोंडा राहिलेला असतो आणि शिजल्यावर दाणा फुगून टपोरा होतो. पेज घट्ट होते, वर तांबूस पाणी. त्याबरोबर नारळाची चटणी आणि लोणच्याची फोड. पावसात दुपारी अकराला एक वाटी घेतली की दुसरं काही सुचत नाही. हे तांदूळ मार्टमध्ये मिळाले तर सांग मला, मी कधी बघितले नाहीत.

सी-२०१: आजी, तुम्हीच सांगा कुठून आणू. चवथीनंतर मला रोजच करायची आहे.

ए-१०१ आजी: वरच्या बाजारात माझा ओळखीचा दुकानदार आहे. मी सोबत येते.

बी-३०४ दादा: मिरच्या कुठल्या घेऊ?

बी-२०२ काकी: रंगासाठी ब्याडगी मार्टची चालेल. सुरकुतलेली, गडद लाल हवी. तिखटासाठी हरमल गावची मिळाली तर अगदी उत्तम, पण ती बाजारातच शोधावी लागते. सोलां (आमसुलं), तिरफळं, माडाचा गूळ पण बाजारात. हिंग मार्टचा चालतो, पण लक्षात ठेव, डबीतल्या हिंगात पीठ किंवा मैदा मिसळलेला असतोच, म्हणून फोडणीत चिमूट जरा जास्त घालावी लागते.

ए-३०१ वहिनी: पाव?

ए-१०१ आजी: पाव पोदेराचा (पाववाल्याचा). हा प्रश्न या ग्रुपवर कोणी विचारायचा नाही.

ए-३०१ वहिनी: 🙏 आजी, चुकले.

सी-२०१: मी सगळं कागदावर लिहून घेतलं. मार्ट: तूर, मूग, मसूर, हिरवे मूग, पांढरे वाटाणे, इडली तांदूळ, काजूतुकडा, रवा-मैदा (मागच्या रांगेतून, तारीख बघून), तेल ९१० चं, ब्याडगी, हिंग, साबण-पावडर. बाहेरून: उकडे, अळसांदे, सालीचे काजू, नारळ, सोलां, तिरफळं, हरमल मिरची, माडाचा गूळ. बरोबर ना?

बी-२०२ काकी: अगदी बरोबर. हळदीची पानं पण बाहेरून घे, पातोळ्यांना लागतील. पण ती आदल्या दिवशी, आत्ता आणलीस तर सुकतील. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात मिळतातच.

सी-१०३ मास्तर: एक विनंती. बिल घेतल्यावर काउंटरपासून दोन पावलांवर उभं राहून तपासा. शेल्फवरची चिठ्ठी आणि बिलातला भाव जुळतो का बघा. मागे एका दुकानात माझ्या बिलात तांदळाचा जुना भाव लागला होता. मी परत गेलो, त्यांनी फरक दिला, पण विचारलं नसतं तर गेलाच होता.

बी-३०४ दादा: मी शनिवारी सकाळी साडेनऊला मार्टला जातोय, गाडीत तिघांना जागा आहे. परत येताना वरच्या बाजारात थांबू, आजींचा दुकानदार तिथंच आहे.

ए-१०१ आजी: मी येते. पुढच्या सीटवर बसेन, गुडघा दुखतो.

सी-२०१: मी पण येते. आजी, तुमची पिशवी मी धरते.

बी-२०२ काकी: मी पण. कापडी पिशव्या सगळ्यांनी घेऊन या, नारळ जड होतात, प्लास्टिकच्या फाटतात.