ब्रिटनमधील परिचारिका परिषद नेमकी कोणासाठी असते?

प्रश्न (डिचोलीहून)

माझी भाची बांबोळीत बी.एस्सी. नर्सिंग करून आता एका खासगी रुग्णालयात काम करते. तिला इंग्लंडला जायचे आहे. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असल्यामुळे नोंदणी सहज होईल, आणि तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ही परिचारिकांची संघटना असल्यामुळे अडचणीत ती पाठीशी उभी राहील, असे वाड्यावरची मंडळी सांगतात. हे कितपत खरे आहे? शिवाय इथल्या नोंदणीत ती परिचारिका आणि प्रसूतिसेविका अशी दोन्ही आहे; मग तिथे तिला प्रसूतिकक्षात काम करता येईल का?

उत्तर १ (फोंड्याहून, पूर्वी इंग्लंडमध्ये परिचारिका)

ताई, पासपोर्टाचा इथे फारसा संबंध नाही. परिषद अर्जदाराचे नागरिकत्व नव्हे, तर शिक्षण कुठे झाले हे पाहते, त्यामुळे गोव्यात शिकलेल्या प्रत्येकीला संगणकावरील परीक्षा आणि नंतर ब्रिटनमध्ये घेतली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते. इंग्रजीची अट आहेच. पोर्तुगीज नागरिकांना तिथे मुक्तपणे काम करण्याची सोयही २०२० च्या अखेरीस संपली.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे परिचारिका आणि प्रसूतिसेविका या दोन्ही नोंदी बहुधा जोडीने मिळतात, म्हणून आपण त्या एकच समजतो. ब्रिटनमध्ये मात्र हे दोन स्वतंत्र व्यवसाय मानले जातात, नोंदवहीत त्यांचे भाग वेगळे आहेत आणि प्रत्येकासाठी अर्ज व परीक्षाही वेगळी आहे. परिचारिका म्हणून नोंद झाली म्हणजे प्रसूतिसेविकेचे काम करता येईल, असे नाही. आपल्या आज्यांच्या काळातल्या वयजिणीला, म्हणजे गावच्या सुईणीला, नोंदवही ठाऊक नव्हती, ती गोष्ट निराळी.

उत्तर २ (मडगावहून; निवृत्त नर्सिंग शिक्षिका)

परिषद ही संघटना नव्हे. संघटनेचे काम तिथे रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगसारख्या संस्था करतात. परिषदेचे कर्तव्य रुग्णांचे रक्षण हे आहे: नोंदवही ठेवणे, शिक्षणाचे मानदंड ठरवणे आणि एखाद्या परिचारिकेच्या कामाविषयी गंभीर तक्रार आली तर तिची चौकशी करणे. चौकशीअंती ताकीद, कामावर अटी, निलंबन किंवा नोंदवहीतून नाव वगळणे अशी कारवाई होऊ शकते, आणि नाव वगळले गेले तर पाच वर्षे पुनर्नोंदणीचा अर्जही करता येत नाही. दर तीन वर्षांनी ४५० तासांचे प्रत्यक्ष काम व ३५ तासांचे शिक्षण दाखवून नोंदणी टिकवावी लागते. भाचीने पहिल्या दिवसापासून याची टिपणे ठेवावीत.

उत्तर ३ (म्हापशाहून)

शुल्क परिचारिकांनी भरायचे आणि संरक्षण दुसऱ्यांचे, हे मला पटत नाही. त्यातून २०२४ च्या स्वतंत्र अहवालाने त्या परिषदेच्याच कार्यालयातील वंशभेद व दमदाटी उघड केली.

उत्तर ४ (मडगावहून, पुन्हा)

अहवालाची टीका रास्तच होती. मात्र शुल्काबाबत माझे मत वेगळे आहे: सरकारी तिजोरीऐवजी व्यावसायिकांच्या शुल्कावर चालणारी परिषद सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. आपल्याकडेही १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा बाजूला सारून २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा झाला आहे, त्यामुळे हा वाद आपल्यालाही लागू होतो. ताई, भाचीची इथली नोंदणी चालू आहे ना, हे आधी पाहा. तिकडची परिषद याची खातरजमा करून घेते.