मदत हवी आहे : परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना कोणता व्हिसा?
तीन महिने परदेशातल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायचं ठरतंय. पगार नाही, राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे. १२० तासांचा टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स झालाय, पोलीस क्लिअरन्सही हातात आहे. अडलंय व्हिसापाशी. मला बोलावणारी संस्था म्हणते, पर्यटक व्हिसावर या, सगळे तसेच येतात. (हे ‘सगळे’ कोण, देव जाणे.) पण बऱ्याच देशांत बिनपगारी शिकवणंही कामच धरतात, म्हणून लेखी निमंत्रणपत्र आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक मागितला. दोन मेल झाले, उत्तर गोलमोल.

शिवाय घरच्या मुलांनाही संध्याकाळी शिकवावं, अशी कुटुंबाची अपेक्षा आहे. हरकत नाही, पण वेळेची मर्यादा आधीच लेखी ठरवता येते का? आणि नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत तिकीट काढू नये, हे बरोबर ना?