भारत-चीन औद्योगिक तुलना १९९० पासून का सुरू करायची?

कृष्णाकाठ (कराड)

परवा येथे एका सदस्याने लिहिले, की १९९० पर्यंत भारत आणि चीन बरोबरीने चालले होते आणि पुढे केवळ लोकशाहीच्या लोढण्यामुळे आपण मागे पडलो. दरडोई उत्पन्नापुरते हे विधान फारसे चूक नाही. कारखान्यांच्या उत्पादनाला मात्र ते लागू पडत नाही. १९४९ साली चीनमध्ये जेमतेम दीड लाख टन पोलाद निघाले, तेव्हा आपले उत्पादन दहा लाख टनांच्या वर होते. १९७८ साली, चिनी नेते डंग श्याओपिंग यांच्या आर्थिक सुधारणांचा निर्णय झाला त्या वर्षी, चीन तीन कोटी टनांवर पोहोचलेला होता आणि आपण एक कोटीच्या आसपास होतो. २०२० साली त्यांनी शंभर कोटी टन ओलांडले, आपण दहा कोटींवर होतो. सुधारणांआधीच्या तीस वर्षांत त्यांनी खेडोपाडी शाळा आणि दवाखाने नेले; १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे दोन तृतीयांश लोक साक्षर होते, आपल्याकडे निम्म्याहून कमी. दक्षिण चीनमधल्या शेंझेन या उद्योगनगरीच्या कारखान्यांत खेड्यांतून आलेल्या मुली वाचता-लिहिता येणाऱ्या होत्या, ही गोष्ट हुकूमशाहीचे गोडवे गाणारे कधीच सांगत नाहीत.

कुपवाड फाउंड्री

ज्या तीस वर्षांचे आपण कौतुक करता, त्यांतच १९५८ ची परसातल्या भट्ट्यांची मोहीम येते. आकडा वाढावा म्हणून लोकांच्या घरातली भांडी वितळवली, निघालेले लोखंड बहुतांश निरुपयोगी ठरले आणि पाठोपाठच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. टनांची बेरीज म्हणजे उद्योग नव्हे. साक्षरतेचेही मला पटत नाही. किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा आसपासच्या गावांत शिकलेले कितीसे होते?

आपल्याला नडला तो कायदा. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी वस्तू राखीव ठेवायला सुरुवात झाली, यादी आठशेच्या वर गेली आणि ती पूर्ण रद्द व्हायला २०१५ उजाडले. मोठे व्हाल तर सवलत जाईल, या भीतीने आमच्या वडिलांनी एकाच शेडमध्ये तीन नावांचे तीन कारखाने दाखवले होते. भट्टी एकच होती, वह्या तीन. वर औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ ची दुरुस्ती आली, शंभर कामगार असले की कपातीला सरकारची परवानगी लागणार. शेंझेनमध्ये एका छपराखाली हजारो माणसे कामाला लागली, आणि आम्ही नव्व्याण्णवावर थांबायला शिकलो.

माणदेशी

शेवटी खापर कामगारांवरच फुटणार, हे अपेक्षितच होते. १९८२ म्हटले की आमच्या घरात कायद्याची दुरुस्ती आठवत नाही, १८ जानेवारी आठवते. माझे वडील मुंबईत लालबागच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्या दिवशी अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. माण-खटावच्या कित्येक घरांत त्या वर्षी मनीऑर्डर येणे बंद झाले. वडील गावी परतले ते रोजगार हमीवर खडी फोडायला. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे कामगार का गेले, हेही सांगा. १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा हक्क होता, आणि ती संघटना आमच्या माणसांना आपली वाटत नव्हती.

विटा यंत्रमाग

गिरण्या नवी यंत्रे घेत नव्हत्या, आणि संपाच्या आधीच मालकांनी काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर वळवायला सुरुवात केली होती. संपाने गिरण्या मेल्या, असे म्हणणे अर्धवट आहे.

माणदेशी

आमच्या उपासमारीवर तुमचे माग चालले, असेच म्हणा ना सरळ.

विटा यंत्रमाग

हे बोलणे अन्यायाचे आहे. मागाच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी करणाऱ्याला ना फंड मिळाला ना पेन्शन. त्यात विजेचे हाल. वीज गेली की आडवा धागा नेणारा धोटा ताण्यातच, म्हणजे उभ्या धाग्यांतच, अडकतो, धागे तुटतात. पुन्हा माग सुरू केला की थांबलेल्या जागी कापडावर आडवी पट्टी उमटते, आणि व्यापारी त्या ताग्याची मजुरी कापतो. कोयनेचे धरण आपल्याच भागात असून ही दशा होती. चीनशी तुलना करायचीच असेल, तर मागाला अखंड वीज किती तास मिळाली याची करा.

कुपवाड फाउंड्री

विजेचे म्हणणे मान्य करावेच लागेल. माझीही इंडक्शन भट्टी मधेच बंद पडली की वितळलेला माल आतच थिजतो. तरीही कामगारांच्या हालाबद्दल बोलणाऱ्यांनी हेही पाहावे, की १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनने सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी लोक घरी बसवले. तिथे संप करायलाही कोणाला मुभा नव्हती.

कृष्णाकाठ (कराड)

तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. कपात झालेल्यांतल्या पुष्कळांना, आणि नव्याने शहरात आलेल्या खेडुतांना, सामावून घेणारे नवे कारखाने तिथे उभे राहत होते. गिरणगावातून परतलेल्या माणसाला माणमध्ये काय मिळाले, ते वर लिहिलेले आहेच. किर्लोस्करवाडीबद्दल म्हणाल, तर एक कर्तबगार मालक आपल्या शे-दोनशे माणसांना हाताशी धरून शिकवू शकतो, पण हजारो कारखान्यांना लागणारी माणसे शाळेतूनच यावी लागतात. १९५८ ची मोहीम हा गुन्हा होता, यात दुमत नाही, म्हणूनच मी १९७८ चा आकडा घेतला. राखीव यादीबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. पण ती यादी रद्द होऊनही एकूण उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपासच रेंगाळला आहे आणि २०१४ साली जाहीर झालेले पंचवीस टक्क्यांचे उद्दिष्ट दूरच आहे. दोष एकट्या कायद्याचा होता, तर हे कसे, याचे उत्तर आपण द्यावे.