'चिकू'चा 'चीक'शी काही संबंध आहे का?

परवा पिकला समजून चिकूला चावा घेतला आणि ओठांना चीक लागला. पाण्याने जाईना, शेवटी खोबरेल चोळलं. आई म्हणाली, "चीक असतो म्हणून तर चिकू." हे खरं आहे का? चीक, चिकट, चिकटणे यांच्याच घरातला हा शब्द?

— ऐकायला झकास आहे, पण फळच मुळात इथलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. ॲझ्टेकांच्या नाव्हाट्ल भाषेत मऊ, गोड फळांना सरसकट 'त्सापोट्ल' म्हणत. पुढे एखादं पद जोडलं की जात कळायची. स्पॅनिश तोंडात शेवटचा 'ट्ल' काही बसेना, त्याचा 'ते' झाला : तोमाट्लचं तोमाते (आपला टोमॅटो), त्सापोट्लचं सापोते. आपलं हे फळ म्हणजे 'चिकोसापोते'. स्पॅनिशांबरोबर ते फिलिपिन्सला गेलं, तिथे नुसतं 'चिको' उरलं. आपल्याकडे तर वाटणीच झाली. मराठीने पुढचा तुकडा ठेवला, कन्नड-तेलुगूने मागचा, 'सपोटा'.

— स्पॅनिशमध्ये 'चिको' म्हणजे लहान. मग 'लहान सापोते' एवढाच अर्थ असेल की!

— तीही कानाला लागेल तशी लावलेली व्युत्पत्ती, आईंच्या चिकासारखीच. कोशांत मूळ रूप 'शिकोत्सापोट्ल' सापडतं. 'शिकोट्ल' म्हणजे भुंगा. त्यावरून मधासारखं गोड फळ. दुसरं मत 'त्सिक्त्ली'कडे बोट दाखवतं, आणि त्सिक्त्ली म्हणजे चघळायचा चिकट डिंक! या झाडाच्या खोडाला चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो, तो आटवून करतात. त्याचंच स्पॅनिशमध्ये 'चिक्ले' झालं आणि सुरुवातीची आधुनिक च्युइंगम त्याचीच. मला भुंगा जास्त पटतो, पण आईंना अगदीच खोटं पाडवत नाही. चीक होता, फक्त परभाषेतला.

— त्सिक्त्लीवरून आठवलं. १५२१मध्ये ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यावर बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने जाणत्या नाव्हा मंडळींना विचारून त्यांचं सगळं जगणं १२ खंडांत नाव्हाट्लमध्येच उतरवून घेतलं. त्यात चघळण्याचेही रीतिरिवाज आहेत. लग्न न झालेल्या मुलींनी चारचौघांत चघळलेलं चालायचं. लग्न झालेल्या बायका आणि विधवा चघळत, पण लोकांसमोर नाही. पुरुषांनी दात साफ करायला चघळायचं, तेही चोरून. आणि रस्त्याने, बाजारात चटाक चटाक आवाज करत चघळणारी बाई म्हणजे वेश्या. तोंडाच्या आवाजावरून बाईची पत ठरवणारे लोक फक्त आपल्याच आळीत नव्हते म्हणायचे.

— आणि तिथे डांबरही चघळत! 'चापोपोत्ली' म्हणजे समुद्रकाठी वाहून येणारं डांबर. ते नुसतं तोंडात भुगा होतं, म्हणून त्यात 'आशिन' नावाचं पिवळं, मेणासारखं मलम मिसळायचे. त्याचंही नाव त्सिक्त्लीच.

— धागा मी सुरू केला होता, म्हणून कळवतो. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भुंगा राहू दे. ओठ कशाने चिकटले ते सांग."